छापावरून नको, मुळावरून शिका

आमच्या ओतूरच्या घरात देवघराच्या वर रविवर्म्याची लक्ष्मी टांगलेली असायची. तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं ठरलं तेव्हा मी तिचाच चेहरा उतरवायला घेतला. चौकटी आखल्यामुळे रेखाटन बिनचूक आलं, पण रंग चढले तसा चेहरा मेणाचा दिसू लागला. गावातल्या एका जुन्या चित्रकार गुरुजींना दाखवला. ते म्हणाले, "अरे, हे चित्र नव्हे, चित्राचा छाप आहे. छापात कातडीखालचं काही नसतं."

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे रंगागणिक वेगळा दगड वापरून चित्र छापत. घराघरांत देवादिकांची चित्रं पोचली ती त्यामुळेच, आणि ते काम मोठंच आहे. पण तैलरंगातली त्वचा उजळते ती खालच्या थरामुळे. वरचा थर पातळ असला की खालचा उबदार रंग त्यातून दिसत राहतो. हे छापावरून कळायला मार्ग नाही. आज मोबाइलवरून नक्कल करणाऱ्यांचीही तीच गत होते.

मूळ चित्रं पाहायची तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. तिथे चेहऱ्याजवळ उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की गाल जबड्याकडे वळतो तिथे तपकिरी नाही, हिरवट करडा रंग आहे, आणि सावलीची कड कुठेच रेघेसारखी कापलेली नाही. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, पुरुषवेषात आणि स्त्रीवेषातही. नाटकाला गेलात तर मध्यंतरात चहा सोडा आणि एकच चेहरा धरून सगळ्यात उजळ रंग नेमका कुठे थांबलाय ते पाहा.

नक्कल करताना आधी कच्च्या अंबरने छायाप्रकाश मांडा. तो पूर्ण वाळू द्या. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. हा क्रम उलटला तर काय होतं ते मी पाहिलंय: माझ्या पहिल्या चित्रात पावसाळ्यात चढवलेला गाल पुढच्या उन्हाळ्यात चिरला. तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत ते घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात दुप्पट धीर धरा. त्याच कारणाने तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एका चित्रकाराच्या दोन-तीन नकला झाल्या, की घरातल्या आजीला खिडकीपाशी बसवा आणि तिचा चेहरा करा. त्याला उशीर लावू नका. नकलेत अवघड निर्णय त्या चित्रकाराने आधीच घेतलेले असतात, आजीच्या चेहऱ्यावर ते तुम्हाला घ्यावे लागतील.

आणि नकलेच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचं नाव जरूर लिहा. आपल्याकडे स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. देऊसकर १९९४ साली गेले. त्यांच्या चित्राची नक्कल अभ्यासापुरती घरात ठेवा, विकायला काढू नका.