ई-वे बिलाची किल्ली कोणाच्या हाती?

डहाणूहून वापीकडे माल पाठवणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंना तलासरी ओलांडताच गुजरातची हद्द लागते. 50 हजार रुपयांवरचा करपात्र माल राज्याबाहेर न्यायचा तर 1 एप्रिल 2018 पासून ई-वे बिल लागते. (ताज्या चिकूला ही कटकट नाही.)

बिलाच्या पोर्टलवर शिरायला पूर्वी नाव आणि पासवर्ड पुरे. तोच पासवर्ड मुनीम, ट्रान्सपोर्टवाला, करसल्लागार अशा साऱ्यांकडे असलेला आम्ही पाहतो. मग नोकरी सोडून गेलेला माणूसही आपल्या नावे बिल काढू शकतो, आणि जाब मात्र आपल्याला द्यावा लागतो.

1 एप्रिल 2025 पासून सर्वांनाच मोबाइलवरचा ओटीपीही सक्तीचा झाला. आता मालक बाजारात, ओटीपी त्यांच्या फोनवर आणि भरलेली गाडी दारात उभी! म्हणून फोनच मुनिमाकडे देऊन टाकणे हा उपाय नव्हे. मुख्य खात्याखाली मुनिमासाठी वेगळे उपखाते उघडावे. त्यात त्याचाच मोबाइल नंबर घालावा आणि बिल काढण्यापुरताच अधिकार द्यावा. तो काम सोडेल त्याच दिवशी ते उपखाते गोठवावे.

चुकीचे निघालेले बिल 24 तासांत रद्द करता येते. पण वाटेत अधिकाऱ्यांनी ते तपासले असेल तर नाही.