गाडी मोडली, वकील लावावा का?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आता गावोगाव मोटारगाड्या दिसतात. मलकापूर-खामगावचा हमरस्ता आहे. राजूरचा घाट आहे. मेहकर, सिंदखेडराजा या भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. रस्त्याबरोबर अपघातही आला. कधी देवाच्या दयेने माणसे वाचतात, पण गाडीचा पार चुराडा होतो. गाडी गेली तरी बँकेचे कर्ज जात नाही. मग पारावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "वकील लावा, नाहीतर कंपनी बुडवील." दुसरा म्हणतो, "वकिलाच्या नादी लागू नका, हाती येईल ते बी जाईल." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. खरे काय ते आपण पायरीपायरीने पाहू.

आधी विम्याचा कागद वाचावा. विमा दोन तऱ्हेचा असतो. एक फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. तो कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यातून आपल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. दुसरा आपल्या गाडीसह पूर्ण विमा. आपला विमा पहिल्या तऱ्हेचा असेल, तर कितीही मोठा वकील लावला तरी कंपनी आपल्या गाडीचे काही देणे लागत नाही.

आता हिशेब करू. पूर्ण विम्याच्या कागदावर गाडीची ठरलेली किंमत लिहिलेली असते. समजा, नव्या गाडीची किंमत ८ लाख होती. विमा घेताना गाडी अडीच वर्षांची होती. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घट धरतात. म्हणून ठरलेली किंमत झाली ५ लाख ६० हजार. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ४ लाख २० हजारांवर गेला, तर गाडी पूर्ण गेली असे धरतात. मग ठरलेल्या किमतीतून सक्तीची थोडी कपात होते. लहान मोटारीला ती १ हजार असते. म्हणजे ५ लाख ५९ हजार मिळावेत. मोडकी गाडी आपणच ठेवली, तर तिची भंगाराची किंमत वजा होते. गाडीवर कर्ज असेल, तर पैसे आधी बँकेचे.

हा हिशेब घरी मांडावा. कंपनीचा आकडा त्याच्याशी जुळला, तर वकिलाचे काम नाही. पैसे घ्यावेत आणि मोकळे व्हावे.

आकडा कमी आला तर काय करावे? पाहणी करणाऱ्या सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागावी. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. "पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही" अशा कागदावर न वाचता सही करू नये. पुढे ती सही दबावाने घेतली हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहेत. तेथे फी नाही, आणि वकील चालतच नाही. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधील असतो.

दुसरी वाट बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे. विम्याचा हप्ता ५ लाखांच्या आत असेल, तर फी नाही. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. मात्र आयोगात आधी गेलात, तर लोकपाल तीच तक्रार ऐकत नाहीत. म्हणून वाट विचार करून धरावी.

मग वकील केव्हा लावावा? कंपनीने दावा साफ नाकारला तेव्हा. परवाना नव्हता, दारू प्यायली होती, खाजगी गाडी भाड्याने चालवली, अशी कारणे आली की तेथे कायद्याचा वाद उभा राहतो. भाड्याच्या अशाच एका खटल्यात कंपनीने एक पैसाही नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तिला काही रक्कम द्यायला लावली. असे दाखले वकिलालाच ठाऊक असतात. आणि अपघातात माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जावे लागते. तेथे वकील हवाच, आणि लवकर हवा. २०२२ पासून त्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

वकिलाची फी आधी ठरवावी आणि पावती घ्यावी. "मिळेल त्यात माझा हिस्सा" असा ठराव वकिलांच्या नियमात बसत नाही. ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि गरीब यांना तेथे वकील फुकट मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

आता सांगा पाहू :
१. आपल्या घरच्या गाडीचा विमा कोणत्या तऱ्हेचा आहे?
२. त्यावर गाडीची किंमत किती लिहिली आहे? तिचे ७५ टक्के किती होतात?
३. वकील केव्हा लावू नये आणि केव्हा लावावा?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज रात्रीच कागद काढून शोधावीत.