शेताचे कुरण होताना : मेळघाटचा अनुभव

वाहितीचे शेत पडीत टाकले की त्याचे आपोआप गायरान होते, अशी समजूत वऱ्हाडात सर्रास आढळते. प्रत्यक्षात नांगर सुटलेल्या जमिनीत प्रथम माजते ते तण, आणि ते गुरांच्या काहीच कामाचे नसते. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिल्यानंतर गावोगावच्या ई-क्लास जमिनींचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. अतिक्रमण हटले तरी तेथे चारा उगवेलच असे नाही. यासाठी मेळघाटचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये अस्तित्वात आला. त्याच्या गाभ्यातील बोरी, कोहा व कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी बाहेर वसविण्यात आली. पुढे वैराट, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी आदी गावेही उठली. बरीच कुटुंबे अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. हे स्थलांतर सुखासुखी झाले असे म्हणता येणार नाही. पुनर्वसनातील उणिवांची तक्रार करीत काही गावकरी जानेवारी २०१९ मध्ये जुन्या जागी परतले व वन कर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. एवढी किंमत देऊन मोकळ्या झालेल्या शेतांत जर तरोटाच माजणार असेल, तर चितळ व गवे यांना चारा नाही, आणि वाघाला भक्ष्यही नाही. म्हणून तेथे गवताचे काम हेतुपूर्वक हाती घेण्यात आले. चिखलदऱ्याचे गवततज्ज्ञ प्रा. गजानन मुरतकर यांचे मार्गदर्शन त्यास लाभले.

तरोटा हा या कामातील मुख्य वैरी होय. आषाढात त्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात, परंतु हिरव्या झाडाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या बियांचे कवच कठीण असल्यामुळे त्या मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. एकदा उपटून तरोटा संपला असे मानणे म्हणूनच चूक ठरते. लागोपाठ काही वर्षे, फूल येऊन शेंग धरण्यापूर्वी, तो मुळासकट काढावा लागतो. रानतुळशीचेही तसेच, तिच्या उग्र वासामुळे जनावरे तिच्यापासून दूर राहतात. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले व पुढे देशभर पसरले. त्याचे एक झाड हजारो बिया देते. ते उपटताना हातमोजे घालणे व अंग झाकणे आवश्यक आहे, कारण त्वचेचे विकार उद्भवतात. १९८४ मध्ये भारतात सोडण्यात आलेला मेक्सिकन भुंगा त्याची पाने खातो, परंतु केवळ त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. पडीत जमिनीतील काटेरी उटकटाऱ्याचे सोटमूळ खोल जाते. नुसता विळा चालवून भागत नाही, कुदळीने तो खणून काढणे इष्ट.

येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. ज्या कुंद्याने वऱ्हाडातील कास्तकाराच्या पिढ्यान्‌पिढ्या रडविल्या, तो गुरांना चालणारे बारमाही गवत आहे. कपाशीच्या शेतात त्याचा निःपात करावा. गायरानात मात्र तो राहू द्यावा. ‘तण’ या शब्दाचा अर्थ जमिनीच्या उपयोगावर ठरतो, हे मजुरांना काम सांगण्यापूर्वीच समजावून द्यावयास हवे. अन्यथा सरसकट सफाई होते, आणि उघड्या पडलेल्या मातीत तरोटाच पुन्हा जोमाने उगवतो.

तण काढलेली जागा रिकामी ठेवता कामा नये. भारी काळ्या जमिनीत मारवेल, तर मुरमाड उतारावर पवन्या चांगला येतो. मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब पावसाळ्याच्या प्रारंभी लावता येतात. बियांपासून गवत वाढवावयाचे असल्यास पावसाळ्यानंतर पक्व बी गोळा करून ते काही महिने कोरडे साठवावे. ताजे बी बहुधा नीट उगवत नाही. पेरताना हलके बी ओलसर माती व शेणखतात मिसळल्यास वाऱ्याने उडत नाही. जमीन खोल नांगरू नये, कारण तळाशी दबलेले तणाचे बी त्यामुळे वर येते.

या कामी खरी अडचण वेळापत्रकाची आहे. तण उपटण्याचा काळ श्रावण-भाद्रपदाचा, तर निधीची मंजुरी अनेकदा दिवाळीच्या आसपास हाती पडते. तोवर शेंगा तडकून बी जमिनीत गेलेले असते, आणि मजुरीचा पैसा वाळलेल्या काड्या गोळा करण्यात खर्ची पडतो. ग्रामसभेने हे काम उन्हाळ्यातच आराखड्यात घ्यावे. पहिली दोन वर्षे चराई बंद ठेवण्यास गुराख्यांचा विरोध होणे स्वाभाविक आहे. त्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी, आणि क्षेत्राचा एक भाग आळीपाळीने चराईस मोकळा ठेवावा. कुसळीचे गवत मात्र फुलोऱ्यापूर्वीच कापलेले बरे. नंतर त्याची कुसळे शेळ्यामेंढ्यांच्या अंगात रुततात.