वार एक की दोन?

गिरगाव, मुंबई

चि. सोनूस,

परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहात तू रुजू झालीस, हे वहिनीने कळवलं. १९२६पासूनचं हे रुग्णालय. जुळी तुला भरपूर पाहायला मिळतील. म्हणून थोडं कामाचं लिहिते.

जुळी दिसली की आधी विचार: वार एक की दोन? उत्तर अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट मिळतं. मधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वार वेगळी. पातळ पडदा काटकोनात टेकला असेल तर एकच. पुढे या खुणा पुसट होतात. परदेशात एक मुलगा, एक मुलगी दिसली की उलगडा होतो: वार वेगळी. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्याने ती वाट बंद आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा फोटो जपून ठेव आणि केसपेपरवर ठळक लिही. नुसतं 'जुळी' लिहिलेला कागद माझ्या लेखी कोराच.

एक गर्भ पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर वार वेगळी. आठवड्याभरात दुभंगला तर वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. आणखी उशिरा पिशवीही एक. तेराव्या दिवसानंतर शरीरंच जोडलेली. तुझ्या शेजारच्या मुलांच्या वाडिया रुग्णालयात डिसेंबर २०१७मध्ये अशा सव्वा वर्षाच्या दोघांना वेगळं केलं, तेव्हा पेपरांत केवढी चर्चा झाली! तुझ्या ओपीडीतलं संकट इतकं उघड नसेल.

एका वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात. बहुधा देणंघेणं बरोबरीचं राहतं. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत मात्र एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी दोन सेंटिमीटरच्या आत येतं, त्याचं मूत्राशय दिसेनासं होतं. घेणाऱ्याचं पाणी आठच्या वर जातं, हृदय थकतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. कधी पाणी दोघांचं सारखं, पण एक पांढराफटक आणि दुसरा रक्ताने गच्च असतो. हा प्रकार फक्त मेंदूच्या रक्तवाहिनीच्या डॉप्लरवर सापडतो.

वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. २००४च्या युरोपातल्या चाचणीत निदान एक बाळ २८ दिवस जगण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के, नुसतं पाणी काढून ५६ टक्के होतं. 'निदान एक' हे दोन शब्द आईबापांना सांगताना गाळू नकोस. दोन्ही बाळं हाती देऊ, असं वचन कुणीच देऊ शकत नाही.

आणखी एक. लालबागच्या चाळीतून येणारी बाई म्हणेल, "दोन दिवसांत पोट एकदम ताणलंय." सासू म्हणेल, "जुळी आहेत, ताणणारच." तू सासूचं ऐकू नकोस, त्याच दिवशी पाणी मोज.

आणि गणपती! तुझ्या निम्म्या बायका कोकणात जाणार, पंधरवड्याची तपासणी हमखास चुकणार. सातव्या महिन्यात माहेरी जायचा बेतही आधीच विचारून घे, कारण सगळं सुरळीत असलं तरी एका वारेच्या जुळ्यांच्या बाळंतपणाची वेळ छत्तीस-सदतीस आठवड्यांतच येते. जाऊ नको म्हटलंस तर न सांगता जातील. त्यापेक्षा निघण्याआधी एक सोनोग्राफी, परतल्याबरोबर दुसरी. आणि पोट ताणलं, कळा आल्या किंवा पाणी गेलं तर विसर्जनाची वाट न बघता कुठल्या रुग्णालयात जायचं, ते नवऱ्याच्या हातात मराठीत लिहून दे.

तुझी,
आत्या