‘बरं हाये’ नको, आणे सांगा

राजूरच्या कोळसा खाणीत नाहीतर चुनाभट्टीवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला दुखणं बोलून दाखवायची सवय नसते. केमो सुरू असताना ‘कसं वाटतं?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘बरं हाये.’ शेजारी बसलेली बायको तेवढी नकारार्थी मान हलवते. झोप उडालीय, भाकर गिळवत नाही, हे तिला ठाऊक असतं. रक्ताच्या रिपोर्टात किंवा सिटीस्कॅनमध्ये ते उमटत नाही.

न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयात असा त्रास रुग्णानं स्वतः कळवला तर काय होतं, याचा आजार पसरलेल्या 766 रुग्णांवर अभ्यास झाला. काही रुग्ण 12 प्रकारच्या त्रासांची नोंद संगणकावरून नियमित कळवत. त्रास वाढला की नर्सला लगेच निरोप जाई. 2017 साली निष्कर्ष आले. नोंद कळवणाऱ्यांपैकी निम्मे 31 महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीत हा आकडा 26 महिने होता. त्रास वेळेत आवरल्यामुळे त्यांना केमोही जास्त काळ झेपली.

आपल्याला संगणक नको, शाळेची वही पुरे. रोज संध्याकाळी दुखणं, मळमळ, जुलाब, तोंड येणं, दम, थकवा, झोप आणि हातापायाच्या मुंग्या यांपुढे आणे लिहा. चार आणे म्हणजे जाणवतं, पण काम होतं. आठ आणे म्हणजे झोपमोड. बारा आणे म्हणजे जेवण सुटलं. सोळा आणे म्हणजे सहन होत नाही. तोंडाच्या कर्करोगावर शेक (रेडिएशन) चालू असेल आणि बोलवत नसेल, तर बोटांनी दाखवा, नातवाला लिहू द्या. खर्रा सुटला नसेल तर तेही लिहा; लपवलेलं आम्हाला उपचारात धरता येत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थांबत नसलेली उलटी वा जुलाब, रक्तस्राव, धाप, पाठदुखीसोबत पायांतली ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच वेळी फोन करा, रात्र असली तरी. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा वाटणारा तापही जिवावर बेतू शकतो. तापाची गोळी परस्पर घेऊन तो दाबू नका. आधी मोजा, मग कळवा.

नागपूरला किंवा सेवाग्रामला निघताना फाइलसोबत ही वही घ्या. आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत ती टेबलावर उघडून ठेवा.