घरातली झाडं: पैसे झाडावर कमी, कुंडीवर जास्त

मनी प्लांट विकत घेऊ नका. शेजारी, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात, कुणाकडे ना कुणाकडे तो असतोच. पेराच्या जरा खाली कापलेली वीतभर फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. खर्च शून्य. नर्सरीत त्याच झाडाचे शंभर रुपये आणि ऑनलाइन, पांढऱ्या कुंडीत रिबीन बांधून, तीनशेच्या पुढे.

खरेदीआधी घरातला उजेड बघा. भर दुपारी दिवा न लावता जिथे पेपर आरामात वाचता येत नाही, तिथे कुठलंच झाड फार दिवस तग धरत नाही. स्नेक प्लांट आणि झीझी कमी उजेड सोसतात, पण सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं. खिडकीपासून चार-पाच फुटांच्या आत जागा असेल तर सिंगोनियम, स्पायडर प्लांट, अ‍ॅग्लोनेमाही चालतील. फिडल लीफ फिग फोटोत सुंदर दिसतो. पहिलं झाड म्हणून तो घेऊ नये.

पुण्या-मुंबईकडचे भाव ढोबळमानाने असे: हातभर उंचीचा स्नेक प्लांट दीडशे ते अडीचशे, झीझी अडीचशेच्या पुढे, कमरेइतका अरेका पाम चारशेपासून. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडे नर्सऱ्या ओळीने आहेत. तिथे शहरापेक्षा स्वस्त मिळतं, पण दोन झाडांसाठी गाडी काढली तर वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात.

बिल फुगतं ते कुंडीवर. सिरॅमिकची देखणी कुंडी चारशे-पाचशेला, आणि पुष्कळदा तिला खाली भोकच नसतं. साठ-सत्तर रुपयांची, भोक असलेली सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी ताटलीसकट घ्या. हौस असेल तर ती सिरॅमिकच्या कुंडीत नुसती ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा. पांढरे गोटे आणि पानांना चकाकी आणणारा स्प्रे ही निव्वळ दुकानदाराची कमाई. पानं ओल्या फडक्याने पुसली तरी चकाकतात.

मातीवर मात्र कंजुषी नको. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेली बरीच झाडं असतात. काळी पिशवी फाडून बघा: आत लाल चिकणमातीचा घट्ट गोळा निघतो. वाळला की विटेसारखा, भिजला की आठवडाभर ओला. तो तसाच कुंडीत बसवला तर वरची माती कोरडी दिसते आणि आत मुळं कुजत राहतात. गोळा बादलीभर पाण्यात बुडवून हलक्या हाताने निम्मा सोडवा. मग निम्मी माती आणि उरलेल्या निम्म्यात कोकोपीट व गांडूळखत, अशा मिश्रणात लावा. तयार मिश्रणाची पाच किलोची पिशवी शंभर-दीडशेला मिळते. फुकटचा मनी प्लांट, एक स्नेक प्लांट, दोन कुंड्या आणि ही पिशवी मिळून पाचशेच्या आसपास भागतं. सुरुवातीला एवढं पुरे.

घरातली झाडं तहानेने क्वचित मरतात, जास्त पाण्याने मात्र हमखास. 'रोज कपभर' हा हिशेब सोडा. बोट दोन पेरं मातीत खुपसा; ओल लागली तर पाणी नको. स्नेक प्लांटला उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी घातलं तरी पुरतं, पावसाळ्यात त्याहूनही कमी. कुंडीभोवती बारीक चिलटं घोंघावू लागली तर माती सतत ओली राहते आहे असं समजा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून आठवड्याने एकदा फवारा. तेलाची छोटी बाटली शंभर-सव्वाशेत येते.

'हवा शुद्ध करणारं झाड' या पाटीसाठी ज्यादा पैसे मोजू नका. ज्याचा दाखला विक्रेते देतात तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेटीत झाला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला. खिडकी-दारातून खेळणाऱ्या हवेइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील, असं त्यात निघालं.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबॅकिया टाळाच. त्याचं पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनी प्लांटही त्याच कुळातला, तेव्हा तो उंच टांगा. अशा घरात स्पायडर प्लांट आणि अरेका बिनघोर ठेवता येतात.