तुमची सही चालते, त्याची चालत नाही

ताई, भाऊ, साताऱ्या-सांगलीकडे मूल तिशीला टेकलं की पै-पाहुणे स्थळं घेऊन यायला लागतात. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दोन वर्षं टाळाटाळ करतो आणि एके दिवशी धीर करून सांगतो, की जोडीदार ठरलाय, बरोबर राहतोय, आणि तो मुलगाच आहे. काही घरांत हे मुलगी सांगते, तिच्या मैत्रिणीबद्दल. मग घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्या दिवसांबद्दल मी आज काही सांगत नाही, तुम्ही ते काढताय किंवा काढलेत.

दोनच गोष्टी आधी उरकून टाकते. ‘मिरजेला चांगले डॉक्टर आहेत, दाखवून आणू’ असं कुणी सुचवलं तर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असा कल ‘बदलून’ देण्याचे उपचार करणं म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दुसरं, ‘लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर’ हे तर मनातही आणू नका. त्यात कुणाच्या तरी लेकीच्या जन्माचं वाटोळं होतं.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येऊ. आमच्या माघारी याला कोण?

आहे की. त्याच्याबरोबर राहणारा, ताप आला तर रात्र जागणारा, घराच्या हप्त्यात निम्मे पैसे भरणारा माणूस आहे. पण कायद्याच्या कागदावर तो त्याचा कुणीही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरचा ठपका काढला. पोलिसांची भीती गेली, नातं मात्र तिथेच राहिलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या याचिकांवर त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करायचा तर तो संसदेने करावा. दोन न्यायमूर्तींचं म्हणणं होतं, की लग्न नाही तरी अशा जोडप्याचं एकत्र राहणं सरकारने मान्य केलं पाहिजे, पण तीन विरुद्ध दोन असं ते मागे पडलं. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. दोघांनी मिळून पुण्यात फ्लॅट घेतला, कर्जाच्या सोयीसाठी नाव एकट्या तुमच्या मुलाचं लागलं. उद्या तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे फ्लॅट आईकडे जातो. आई नसेल तर वडिलांकडे, तेही नसतील तर भाऊ-बहिणींकडे. हप्ते भरणाऱ्याचं नाव त्या यादीत अगदी शेवटीही येत नाही. ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर जोडीदाराचं नाव घालावं म्हटलं, तर आईवडील मुलावर अवलंबून असतील तेव्हा तेच कुटुंब धरलं जातं आणि बाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही. नवऱ्याने बायकोला कितीही पैसे भेट दिले तरी तिला त्या भेटीवर कर पडत नाही. या दोघांत एका वर्षात पन्नास हजारांच्या वर गेलं, तर घेणाऱ्याचं ते उत्पन्न धरलं जातं. हा भेद दूर करा म्हणून एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मूल दत्तक घ्यायचं तर जोडप्याला दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं दाखवावं लागतं, म्हणजे दार बंदच. आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी नर्स विचारते, पेशंटचे नातेवाईक कोण?

नातेवाईक तुम्ही. सांगलीहून पुण्याला पोचेपर्यंत चार-पाच तास जातात.

माझं सांगणं एवढंच, की जोडीदाराला जे जे नाकारलं जातं ते हवेत विरत नाही. ते आपसूक तुमच्या हातात येतं आणि तुमच्यानंतर चुलत्या-पुतण्यांच्या. वारसनोंदीची वेळ आली की सख्खी माणसंही कशी बोलायला लागतात, हे सातबारा पाहिलेल्याला मी काय सांगावं? तुम्ही हयात असताना पोरगा सुखात आहे. तुमच्यामागे त्याच्या संसाराचा निकाल ज्याच्या हाती जाईल, तो भाऊबंद कदाचित त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायलेला नसेल.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डावर एका घरातले म्हणून धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. आरोग्य मंत्रालयाने लिहिलं, की जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा. नीट वाचा, ‘नसतील तर’. म्हणजे अग्नी द्यायच्या वेळीही त्याचा नंबर सगळ्यांच्या मागे.

‘आपल्याकडे हे चालायचं नाही,’ असं भाऊ म्हणतील. आपल्याकडे काय काय चाललंय ते आठवा. ज्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, त्या जोतीरावांनी भटजीशिवाय लग्नं लावायला १८७३ मध्ये सुरुवात केली. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात कमी खर्चाची गांधी लग्नं लावली. आणि देशभर हिंदूंचे आंतरजातीय विवाह निर्विवाद वैध ठरले ते १९४९ च्या कायद्याने. त्याआधी अशा जोडप्याच्या मुलांच्या वारसाहक्कावर भाऊबंद कोर्टात बोट ठेवू शकत होते. आज तीच जोडपी कुणाची तरी आजी-आजोबा आहेत.

मृत्युपत्र, नामनिर्देशन, वैद्यकीय इच्छापत्र हे सगळं मुलांना करायला लावाच. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. शेतजमीन असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहू नका, बिगरशेतकऱ्याच्या नावावर ती जाण्यात अडचणी आहेत. पण एवढ्याने भागतं असं समजू नका. मृत्युपत्राला आव्हान देता येतं आणि दत्तकाचा प्रश्न कुठल्याच मृत्युपत्राने सुटत नाही. शिवाय पुण्यातला इंजिनिअर वकील गाठू शकतो. जतच्या ऊसतोडीच्या टोळीतली पोरगी कुठे जाणार? नवरा-बायकोला एका नोंदणीत जे मिळतं, त्यासाठी या मुलांनी फायली का बाळगायच्या?

२०२३ ची सुनावणी चालू असताना ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, की आमच्या हयातीत मुलांच्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळालेली आम्हाला बघायची आहे. विशेष विवाह कायद्यात अशी दुरुस्ती करणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. आता न्यायालयाने चेंडू संसदेकडे टाकलाय, आणि खासदार सातारा-सांगलीलाही आहेत. त्यांना वकिलाची नोटीस नको, आईबापांचं साधं मराठी पत्र द्या. मुलाचं नाव घालायची गरज नाही. आम्ही इथले मतदार आहोत, आमच्या माघारी आमच्या लेकराचा जोडीदार कायद्यानेही त्याचा असावा, एवढं लिहा आणि दोघांनी खाली सही करा.